‘रेसिपी फॉर डिझास्टर’ कसं वापरायचं: गोव्यात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

इंग्रजीतून कामकाज चालतं अशा कुठल्याही जागी बसा, ‘रेसिपी फॉर डिझास्टर’ हे शब्द आज ना उद्या कानावर पडतातच. विमानाची आणि रेल्वेची वेळ ताडून बघताना ट्रॅव्हल डेस्कवरचे सीनियर म्हणतात, लग्नाच्या जेवणाची यादी बघून शेफ म्हणतात, भर पावसात भाड्याच्या स्कूटरवर तिघं बसलेले बघून एखादा पाहुणा म्हणतो. सत्तरी, डिचोली, पेडण्याहून, किंवा हद्दीपलीकडच्या सावंतवाडी-दोडामार्गहून येऊन हॉटेलात, ट्रॅव्हल कंपनीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना ऐकून ऐकून त्याचा अर्थ कळलेला असतो. बोलायची वेळ आली की मात्र जीभ अडखळते, किंवा शब्द भलत्याच ठिकाणी येतात.

मी अशा मुलांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. त्यांची मराठी पक्की असते, आणि तिच्या आधारानं हा वाक्प्रचार लवकर हाती येतो हे मी वर्गात पाहिलं आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात ठसवून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे शब्द घडून गेलेल्या संकटाचं नाव नव्हेत. संकट यायच्या आधीची मांडणी ओळखून दिलेला तो इशारा आहे.

पहिली पायरी: अर्थ

एखादी गोष्ट ‘अ रेसिपी फॉर डिझास्टर’ आहे म्हणजे त्यात असे घटक एकत्र आले आहेत की शेवट वाईट होण्याची दाट शक्यता आहे. आपण म्हणतो ना, ‘हे म्हणजे संकटाला आवतण आहे’, तसंच. पण आवतणापेक्षाही जवळची एक ओळ आपल्याकडे आहे: ‘आधीच मर्कट, तशात मद्य प्याला’. पुढे त्या माकडाला विंचू चावतो, भूतबाधा होते, आणि मग त्याच्या चेष्टांना पारावार राहत नाही. नुसतं माकड असतं तर कसंबसं निभलं असतं. एकात एक मिसळत गेलं म्हणून प्रकरण हाताबाहेर गेलं. इंग्रजी वाक्प्रचाराचा गाभा हाच आहे. निदान दोन गोष्टी एकत्र येतात, आणि त्यांच्या एकत्र येण्यात धोका असतो.

रेसिपी हा शब्द मुळात वैद्यांचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘घ्या’. औषधाच्या चिठ्ठीची सुरुवात त्या शब्दानं व्हायची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आजही आरएक्ससारखं जे चिन्ह दिसतं, ती त्याचीच खूण. स्वयंपाकघरात तो शब्द नंतर शिरला. हे अशासाठी सांगितलं की वाक्य बोलण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ह्यात काय काय ‘घेतलंय’? दोन जिन्नस सांगता आले तर वाक्प्रचार बसतो. सांगता आले नाहीत तर दुसरे शब्द शोधा.

दुसरी पायरी: उच्चार

‘रेसिपी’ची तीन अक्षरं: रे, सि, पी. जोर पहिल्यावर. शेवटची ‘पी’ ऐकू आली पाहिजे. स्पेलिंग बघून ‘रेसाइप’ म्हणणारे अजून भेटतात. शेवटचा ‘ई’ लॅटिनपासून बोलला जातो, म्हणून इथे तो गिळायचा नाही.

‘डिझास्टर’मध्ये जोर मधल्या अक्षरावर: डि-झास्‌-टर. ह्यातला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधला आहे, ‘झेंडा’मधला नव्हे. मराठी माणसाला हा उच्चार घरचाच; फक्त ‘डिजास्टर’ होऊ देऊ नका. अमेरिकन पाहुणे ‘डिझॅस्टर’ म्हणतात, इंग्लंडचे ‘डिझास्टर’. दोन्ही बरोबर.

मधला ‘फॉर’ हळू आणि आखूड. चारही शब्द एका श्वासात, मध्ये न थांबता.

तिसरी पायरी: वाक्याचा साचा

साचे तीन आहेत. तिन्ही पाठ झाले की बाकी सगळं सरावाचं काम.

पहिला साचा कृतीचा. मराठीत जिथे ‘पोहणं’, ‘चालवणं’, ‘विसरणं’ येतं, तिथे इंग्रजीत स्विमिंग, ड्रायव्हिंग, फर्गेटिंग असं क्रियापदाचं आयएनजी रूप घ्यायचं आणि त्यापुढे ‘इज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ जोडायचं.

‘ड्रायव्हिंग थ्रू चोर्ला घाट अ‍ॅट नाइट इन हेवी फॉग इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ साखळी-केरीवरून बेळगावकडे जाणारा हा घाट पावसाळ्यात धुक्यानं भरलेला असतो. रात्र आणि धुकं, हे दोन जिन्नस वाक्यातच आले आहेत.

‘जंपिंग इनटू अ वेल आफ्टर थ्री ग्लासेस ऑफ फेणी इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ 24 जूनला सांजांवाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी डोक्यावर फुला-पानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात हे पाहुण्यांना माहीत असतं, आणि आपणही मारावी असं त्यांच्या मनात येतं. त्यांच्याशी बोलताना हे वाक्य हाताशी असावं.

दुसरा साचा दोन नामांचा. ‘वेट रोड्स अँड वर्न टायर्स आर अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ ओले रस्ते आणि झिजलेले टायर. नामं दोन, म्हणून ‘आर’. लोक ‘इज’ही वापरतात, दोघांना मिळून एकच मिश्रण समजून. मुलाखतीत किंवा लेखी कामात ‘आर’ धरा. ‘रेसिपी’च्या आधीचा ‘अ’ मात्र दोन्ही वेळी राहतो आणि ‘रेसिपी’ एकवचनीच राहते. आधी दोन वस्तू आल्या म्हणून तिचं ‘रेसिपीज’ होत नाही.

तिसरा साचा उत्तरादाखल. समोरच्यानं बेत सांगितला, आपण ऐकला, आणि म्हणालो: ‘दॅट साउंड्स लाइक अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ हा सगळ्यात जास्त ऐकू येतो, कारण जिन्नस समोरच्यानं आधीच सांगितलेले असतात. ‘साउंड्स लाइक’मुळे धारही थोडी कमी होते. ‘कुड बी’ घातलं तर आणखी कमी: ‘दॅट कुड बी अ रेसिपी फॉर डिझास्टर.’

जोर वाढवायचा तर ‘शुअर’ किंवा ‘परफेक्ट’: ‘अ शुअर रेसिपी फॉर डिझास्टर’. ‘फुल रेसिपी’ असं इंग्रजीत कोणी म्हणत नाही. ते आपल्या ‘पुरती वाट लागणार’मधल्या ‘पुरती’वरून येतं.

मराठीतून विचार करून बोलताना ठरावीक जागी पाय घसरतो. ‘अ’ सुटतो: ‘दिस इज रेसिपी फॉर डिझास्टर’ हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, कारण मराठीला अशा ‘अ’ची गरजच पडत नाही. ‘फॉर’च्या जागी ‘ऑफ’ येतो, कारण आपण ‘संकटाची’ म्हणतो. ‘डिझास्टर’च्या आधी एक जास्तीचा ‘अ’ घुसतो. तिथे तो नको. आणि मूळ समज चुकली की ‘येस्टरडे रेसिपी फॉर डिझास्टर हॅपन्ड’ असं वाक्य तयार होतं. घडतो तो डिझास्टर. रेसिपी घडत नाही, ती असते. म्हणून तिच्याबरोबर इज, आर, वॉज, कुड बी, वुड बी, साउंड्स लाइक अशीच रूपं येतात.

चौथी पायरी: घडून गेलंय की घडायचंय?

भूतकाळात हा वाक्प्रचार वापरताच येत नाही असं नाही. ‘वॉज’ लावून वापरता येतो, पण तेव्हाही तो कारणांना लावायचा, घटनेला नाही.

18 मे 2017 रोजी कुडचड्याजवळ नदीवरचा पोर्तुगीज काळातला जुना पादचारी पूल कोसळला. वापरासाठी तो बंदच केलेला होता. नदीत उडी मारलेल्या एका माणसाचा शोध चालू होता आणि ते बघायला लोक त्या पुलावर गर्दी करून उभे राहिले होते. आता दोन वाक्यं बघा. ‘द ब्रिज कोलॅप्स वॉज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हे चूक, कारण पूल कोसळणं हाच डिझास्टर. तो स्वतःचीच रेसिपी कसा असेल? ‘अ लार्ज क्राउड ऑन अ क्लोज्ड, एजिंग ब्रिज वॉज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हे बरोबर. बंद पडलेला जुना पूल आणि त्यावर मोठी गर्दी, हे कोसळण्याच्या आधीचे घटक आहेत.

व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर असलेलं हे दुसरं वाक्यही कुठे बोलायचं याचं भान हवं. सुरक्षेच्या प्रशिक्षणात, कारणांच्या चर्चेत ते चालतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांच्यासमोर चालत नाही. त्यात ‘हे होणारच होतं, कळायला हवं होतं’ असा सूर असतो, आणि दुःखात बुडालेल्या माणसाला तो सूर टोचतो. तिथे ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ पुरे.

पाचवी पायरी: समोर कोण आहे?

माझ्या मते ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि शिकवणारे बहुतेक तिच्यावरून घाईनं पुढे जातात. वाक्य बरोबर असूनही नोकरीत माणूस अडचणीत येतो तो इथे.

आपल्यातल्या आपल्यात, बरोबरीच्या सहकाऱ्याशी हा वाक्प्रचार सैल हातानं वापरता येतो. ‘डिझास्टर’ म्हणजे इथे कोणी मरत नाही. फजिती, गोंधळ, ओरडा खाणं एवढाच अर्थ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी दहाला चाळीस पर्यटकांची बस न्यायची? ‘टेकिंग अ बस इनटू म्हापसा ऑन अ फ्रायडे मॉर्निंग? दॅट्स अ रेसिपी फॉर डिझास्टर!’ ऐकणारा हसतो, वेळ बदलतो, विषय संपतो. जुलै महिन्यात दोनशे वऱ्हाड्यांना ताज्या इसवणाचं, म्हणजे सुरमईचं वचन देऊन बसलेल्या बँक्वेट मॅनेजरला शेफही हेच म्हणणार. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळी अपुरी आणि महाग असते. ‘प्रॉमिसिंग फ्रेश किंगफिश टु टू हंड्रेड गेस्ट्स इन जुलै इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’

पण तोच शेफ तुमचा वरिष्ठ असेल आणि बेत त्याचा असेल, तर त्याच्या तोंडावर हे वाक्य फेकू नका. इंग्रजीत ते दिसतं तितकं सौम्य नाही. त्यात ‘तुमचा विचार चुकला’ हे स्पष्ट ऐकू येतं. वरिष्ठांपुढे जिन्नस मांडा आणि निष्कर्ष त्यांना काढू द्या: ‘शेफ, द फिशिंग बॅन इज ऑन टिल द एंड ऑफ जुलै. विल वुई गेट इनफ किंगफिश?’ दोन ओळींत सगळं आलं. ‘ह्म्म, रेसिपी फॉर डिझास्टर’ हे शेफ स्वतःच म्हणतील.

पाहुण्यांशी बोलताना आणखी जपून. पाहुण्याच्या बेताला हा शब्द लावायचा असेल तर तो बेताला लागला पाहिजे, माणसाला नाही. ‘यू आर अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हा अपमान आहे. मित्राच्या मस्करीतसुद्धा टाळावा. आणि इशाऱ्याच्या पाठोपाठ कारण आणि पर्याय आलाच पाहिजे. नुसता इशारा देऊन थांबलात तर पाहुण्याला वाटतं, ह्यांना माझं काम करायचं नाही.

एक प्रसंग नमुन्यादाखल घेऊ. पाहुणी फोनवर सांगते की तिचं विमान पाच वाजता उतरतं आणि साडेसहाची गाडी मडगावहून आहे. कुठल्या विमानतळावर, हे तिनं सांगितलेलं नाही. गोव्यात 2023 पासून दोन विमानतळ चालू आहेत: दक्षिणेकडचं जुनं दाबोळी आणि पेडणे तालुक्यातलं मोपा. दाबोळीहून मडगाव जवळ; मोपाहून अख्खा उत्तर गोवा ओलांडून जावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न: ‘मे आय आस्क व्हिच एअरपोर्ट, मॅडम? दाबोळी ऑर मोपा?’ ती म्हणाली मोपा, की मग असं:

‘मोपा टु मडगाव इज अ लाँग ड्राइव्ह, मॅडम. लँडिंग अ‍ॅट फाइव्ह अँड कॅचिंग अ सिक्स-थर्टी ट्रेन कुड बी अ रेसिपी फॉर डिझास्टर, इस्पेशली इफ युवर बॅग्ज कम लेट. देअर मे बी अ लेटर ट्रेन. शॅल आय चेक फॉर यू?’

ऐकून बघा. ‘कुड बी’ आहे. कारण दोनदा दिलंय, लांबचा रस्ता आणि उशिरा येणाऱ्या बॅगा. पर्याय आहे. आणि शेवटी काम अंगावर घेतलंय. एवढं सगळं भोवती असलं की मधला तिखट शब्द खुपत नाही, उलट आपलेपणानं सांगितल्यासारखा वाटतो.

दूधसागरचंही तेच. पावसाळ्यात नदी फुगते, कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात, आणि रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. तरी पाहुणा विचारतोच, रुळांवरून गेलं तर? ‘वॉकिंग ऑन द ट्रॅक्स इन द रेन इज अ रेसिपी फॉर डिझास्टर, सर, अँड इट इज नॉट अलाउड.’ इथे ‘कुड बी’ नको. नियम मोडायचा आणि जिवावरचा प्रश्न असेल तिथे वाक्य सरळ हवं.

आता दोन जागा, जिथे हा वाक्प्रचार अजिबात नको.

पहिली, पाहुण्याची मातृभाषा इंग्रजी नसेल तेव्हा. मोरजी, हरमलकडे रशियन पाहुणे खूप असतात, जर्मन, इस्रायलीही असतात. त्यांतल्या अनेकांचं इंग्रजी कामापुरतं असतं. ‘रेसिपी’ ऐकून त्यांना जेवणाची आठवण होईल आणि तुमचा इशारा वाया जाईल. त्यांना साधं सांगा: ‘इट इज व्हेरी डेंजरस. प्लीज डू नॉट गो.’ वाक्प्रचार येतो म्हणून तो दाखवायचा मोह आवरता आला पाहिजे. आपलं म्हणणं पोचणं महत्त्वाचं.

दुसरी, धोका समोर येऊन ठेपलेला असेल तेव्हा. किनाऱ्यावर लाल बावटा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं. लाल बावट्यासमोर कोणी कमरेएवढ्या पाण्यात गेलेला दिसला तर ‘स्विमिंग हिअर इज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ म्हणायला वेळ नसतो. ‘कम आउट! नाउ!’ एवढंच ओरडा, आणि जीवरक्षकाला हाक मारा. हॉटेलच्या लॉबीत, सकाळी चहा घेताना, पाहुणा किनाऱ्यावर निघण्याआधी ते वाक्य शोभतं. लाटा त्याच्या कमरेला लागल्यावर नाही.

सहावी पायरी: शेजारचे वाक्प्रचार

ह्याच्या आसपास आणखी काही शब्द फिरत असतात आणि नवखा माणूस त्यांची अदलाबदल करतो.

‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वेटिंग टु हॅपन’ हे मिश्रणाबद्दल नसून एखाद्या वस्तूच्या किंवा जागेच्या वाईट अवस्थेबद्दल असतं. जलतरण तलावाजवळची लोंबकळणारी वायर, जिन्याची हललेली पायरी. ‘दॅट लूज वायर इज अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट वेटिंग टु हॅपन.’ मेन्टेनन्सच्या माणसाला बोलवायला हेच वाक्य उत्तम.

‘आस्किंग फॉर ट्रबल’ हलकं आणि माणसाच्या वागण्याला लागणारं. हेल्मेटशिवाय पणजीच्या पुलावर निघालेल्या मित्राला: ‘यू आर आस्किंग फॉर ट्रबल.’ तालांव, म्हणजे पोलिसांचा दंड बसणार, दुसरं काय.

‘ट्रेन रेक’ मात्र घडत असलेल्या किंवा घडून गेलेल्या फजितीसाठी. काल रात्रीच्या पार्टीत साउंड बंद पडला, जेवण उशिरा आलं, वर वीज गेली. ‘द पार्टी वॉज अ ट्रेन रेक.’ तसंच ‘अ टोटल डिझास्टर’. आदल्या दिवशी एकच जनरेटर आणि नवखा डीजे बघून तुम्ही म्हणाला होतात ‘रेसिपी फॉर डिझास्टर’, दुसऱ्या दिवशी म्हणाल ‘टोटल डिझास्टर’. आधीचा शब्द आधी, नंतरचा नंतर. खरोखरचा रेल्वे अपघात झाला असेल त्या दिवसांत मात्र ‘ट्रेन रेक’ तोंडातून काढू नका.

‘रेसिपी फॉर’च्या पुढचा शब्द बदलताही येतो: ‘रेसिपी फॉर सक्सेस’, ‘रेसिपी फॉर ट्रबल’, ‘रेसिपी फॉर कन्फ्यूजन’. एकाच नावाच्या दोन पाहुण्यांना शेजारशेजारच्या खोल्या दिल्या तर तो डिझास्टर नव्हे, कन्फ्यूजन. अशा ठिकाणी सौम्य शब्द घ्या. दर वेळी ‘डिझास्टर’ म्हणणाऱ्याचा खरा इशारा मग कोणी ऐकत नाही.

सातवी पायरी: लिहिताना

व्हॉट्सअ‍ॅपवर, सहकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलमध्ये चालतं. साध्या छोट्या अक्षरांत लिहायचं, अवतरणचिन्हं नकोत, एका पत्रात एकदाच. पाहुण्याच्या लेखी तक्रारीला उत्तर देताना नको. झालं ते झालं, तिथे दिलगिरी आणि उपाय लागतो. अपघाताच्या अहवालात तर नकोच. तिथे कोण कुठे होतं, किती वाजले होते, जमीन ओली होती का, सूचनाफलक लावला होता का, हे लिहायचं. ‘इट वॉज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ असं तुम्ही अहवालात लिहिलंत तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग तुम्ही आधी कोणाला सांगितलं का नाही?

आठवी पायरी: सराव

रोज कामावर जाताना, कदंबाच्या बसमध्ये किंवा फेरीबोटीत, समोर दिसतंय त्यातलेच दोन जिन्नस उचला. मोबाइलवर बोलत वळण घेणारा स्कूटरवाला. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्यायला निघालेली माणसं आणि त्याच रस्त्यावर उभी केलेली गाडी. आधी मराठीत ‘-णं’ लावून वाक्य करा: ‘मोबाइलवर बोलत गाडी चालवणं म्हणजे संकटाला आवतण.’ मग त्याच क्रमानं इंग्रजीत: ‘टॉकिंग ऑन द फोन व्हाइल रायडिंग इज अ रेसिपी फॉर डिझास्टर.’ मनात म्हणू नका, ओठ हलवून म्हणा. ‘अ’ राहिला की सुटला, ते कानालाच कळतं.

सराव करताना प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावा. जिन्नस दोन आहेत का? अजून घडायचंय ना? ऐकणारा बदलू शकेल असं काही त्यात आहे का? तिसऱ्याकडे नीट लक्ष द्या. ‘मान्सून इज अ रेसिपी फॉर डिझास्टर’ हे म्हणूनच पोकळ वाक्य आहे. पाऊस कोण थांबवणार? पावसात काय करायचं ते आपल्या हातात असतं, आणि वाक्य त्याच्याबद्दल असावं.

राहिली एक बाजू. हे वाक्य तुमच्या बेताबद्दल कोणी म्हणालं तर काय करायचं? नवखी मुलं अशा वेळी एकदम गप्प होतात किंवा ‘सॉरी सर, सॉरी सर’ सुरू करतात. माफी मागण्यासारखं काही झालेलंच नसतं. अजून काही घडलेलं नाही, म्हणून तर समोरच्यानं हा शब्द वापरला. त्यानं तुम्हाला वेळेवर सावध केलंय. आधी जिन्नस विचारून घ्या: ‘विच पार्ट वरीज यू, सर?’ ते ऐकून घेतलं की पुढचा प्रश्न: ‘व्हॉट वुड यू सजेस्ट इन्स्टेड?’ आणि वहीत लिहून घ्या.